अंगणाच्या कोऱ्या सिमेंटी भिंतीला जिवंतपणा कसा आणावा?

उंबरठा (सातारा), ३ मे, सकाळी ७.४०

नमस्कार मंडळी. गोडोलीत आमचे बैठे घर आहे. अंगणाच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला पूर्वी मेंदी आणि अडुळशाचे जुने कुंपण होते. त्यातून मोकाट गुरे आत शिरत आणि एका पावसाळ्यात दोनदा साप निघाला, म्हणून घरातल्या सगळ्यांच्या विचाराने मागच्या वर्षी ते काढले आणि तयार पट्ट्यांची सिमेंटची भिंत घालून घेतली. भिंत ५ फूट उंच आहे. पश्चिमेची बाजू ४२ फुटांची आणि दक्षिणेची २८ फुटांची. दर ७ फुटांवर एक खांब आहे आणि खांबांच्या खाचांत एकेक फूट रुंदीच्या पाच पट्ट्या एकावर एक बसवलेल्या आहेत.

गुरांचा त्रास थांबला, पण अंगणाची रया गेली. माझ्या सासूबाई ८२ वर्षांच्या आहेत. रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्या ओसरीवर पश्चिमेकडे तोंड करून बसतात, कारण उगवतीचे ऊन त्यांच्या डोळ्यांना सोसत नाही. "मेंदीवर चिमण्या तरी बसायच्या, आता बघायला काही उरलं नाही," असे त्या परवा म्हणाल्या आणि ते मनाला फार लागले.

दिवाळीनंतर मी हौसेने भिंतीच्या माथ्यावर लोखंडी हूक अडकवून १४ कुंड्या टांगल्या होत्या. फेब्रुवारीत एका खणातली वरची पट्टी मधोमध तडकली, तेव्हा घाबरून सगळ्या कुंड्या उतरवल्या. आता नव्याने काही करायचे, तर भिंतीला धक्का न लावता वेल कसे चढवावेत, आमच्याकडे कोणते वेल टिकतील, भिंतीला रंग द्यावा की नाही आणि शोभेसाठी काय लावावे, हे जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे. जमीन मुरमाड आहे, नळाला पाणी दिवसाआड येते आणि खर्च बेताचाच करायचा आहे.

गवंडीदादा (कऱ्हाड), ३ मे, दुपारी १.१५

ताई, कुंड्या उतरवल्यात हे फार बरे केले. पट्ट्यांच्या भिंतीची पट्टी जेमतेम दोन इंच जाडीची असते आणि ती खांबांच्या खाचेत नुसती बसवलेली असते. ती स्वतःचे वजन खालच्या पट्टीवर देते, एवढेच तिचे काम. १२ इंची कुंडी ओल्या मातीसकट २० किलोच्या घरात जाते. अशा कुंड्या हुकाला टांगल्या, म्हणजे पट्टीवर वरून भार येतोच, शिवाय एकाच बाजूला ओढ बसते, आणि नेमकी ही ओढ त्या पट्टीला सोसत नाही. तडकलेली पट्टी तशीच ठेवू नका. वरचीच असल्यामुळे ती खाचेतून उचलून नवी बसवता येते. दोन माणसांचे तासाभराचे काम आहे.

दुसरी गोष्ट पाण्याची. या भिंतीला सलग पाया नसतो, फक्त खांब दीड-दोन फूट खाली काँक्रीटमध्ये रोवलेले असतात. भिंतीला चिकटून आळे केले आणि रोज पाणी सोडले, तर खांबाच्या बुडाची माती सैल पडते आणि दोन-तीन पावसाळ्यांत खांब कलतो. तुमच्याकडे मुरूम आहे म्हणून थोडे बरे. काळ्या मातीत तर उन्हाळ्यात भेगा आणि पावसाळ्यात फुगवटा, यामुळे कलण्याची तक्रार हमखास येते. तेव्हा कोणतेही झाड भिंतीपासून निदान दीड फूट सोडून लावा आणि आळ्याचा उतार अंगणाकडे ठेवा.

तिसरी गोष्ट, वेल भिंतीवर चढवूच नका. भिंतीसमोर वेगळा आधार उभा करा आणि वेल त्यावर न्या. भरगच्च वेल वाऱ्यात शिडासारखा ताणतो, आणि तो ताण पट्ट्यांवर यायला नको.

रानजाई (सातारा), ३ मे, रात्री ९.०५

उंबरठाताई, वेलींची नावे विचारण्याआधी आपल्या भिंतीवर ऊन कधी आणि किती पडते, ते पाहून घ्यावे, असे मी आग्रहाने सुचवेन. मी ३१ वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवले. रोपे मरण्याची जितकी कारणे मी पाहिली, त्यांत चुकीची जागा हे सर्वांत मोठे होते. लोक मात्र खताला आणि पाण्याला दोष देत राहतात.

भिंत पश्चिमेला आहे, म्हणून तिथे दुपारचे कडक ऊन असेल, असे पुष्कळांना वाटते. आपल्या अंगणाकडची तिची बाजू मात्र पूर्वेकडे तोंड करून आहे, त्यामुळे तिला सकाळचे ऊन मिळते आणि दुपार कलल्यावर सावली येते. दुपारचे ऊन भिंतीच्या बाहेरच्या अंगाला, रस्त्याकडे पडते. दक्षिणेच्या भिंतीचा प्रकार आणखी वेगळा आहे. सातारा साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य दुपारी बरोबर माथ्यावर येतो आणि तिथून जुलैअखेरपर्यंत तो दुपारी किंचित उत्तरेला असतो. म्हणजे सध्या त्या भिंतीच्या आतल्या अंगाला भरपूर ऊन दिसेल आणि त्यावर विसंबून आपण तिथे उन्हाची झाडे लावाल. डिसेंबरात मात्र भर दुपारी बारा वाजताही पाच फुटी भिंतीची सावली चार फुटांहून लांब पडते, आणि भिंतीलगतचा सगळा वाफा हिवाळाभर सावलीत राहतो.

एक दिवस खडू घेऊन सकाळी आठ, दहा, बारा, दोन आणि चार वाजता सावलीच्या कडेवर खुणा करा आणि इथे कळवा. मग वेलींचे बोलू.

टपालपेटी (सातारा), ४ मे, सकाळी १०.२०

एवढा खटाटोप कशाला करायचा, असे मला प्रामाणिकपणे वाटते. बाजारात प्लास्टिकच्या हिरव्या पानांच्या चटया मिळतात. त्या तारेने बांधल्या की एका दिवसात भिंत हिरवी होते. पाणी नको, खत नको. आमच्या ओळखीच्या एका घरी लावल्या आहेत आणि चांगल्या दिसतात.

रानजाई (सातारा), ४ मे, सायंकाळी ६.३०

टपालपेटी, झाकलेल्या बाल्कनीत त्या चटया काही वर्षे टिकतातही. उघड्या अंगणात मात्र आपल्याकडचे ऊन प्लास्टिकला फार दिवस तग धरू देत नाही. पाने आधी निळसर पडतात, मग ठिसूळ होऊन त्यांचे तुकडे मातीत गळतात आणि तिथेच राहतात. धूळही त्यांच्यात अडकून बसते. ताईंच्या सासूबाईंना भिंतीवर काहीतरी घडताना पाहायचे आहे, आणि ते या चटयांनी होणार नाही.

कृष्णाकाठ (सांगली), ४ मे, रात्री ८.५०

गवंडीदादांनी वेगळा आधार सांगितला आहे, त्याचा स्वस्त आणि टिकाऊ उपाय आमच्या भागात वर्षानुवर्षे चालत आला आहे. माझी तासगावकडे द्राक्षबाग होती. द्राक्षाचा वेल म्हणजे अखेर वेलच, आणि तो पेलायला आम्ही लोखंडी अँगल (एल आकाराच्या पट्ट्यांचे खांब) आणि तारा वापरतो. जुन्या बागा काढल्या, की हे अँगल आणि तारा भंगाराच्या भावाने किलोवर विकल्या जातात. तासगाव, मिरज, पलूस या भागांत चौकशी केलीत तर नक्की मिळतील.

तुमच्या ४२ फुटांच्या बाजूला पाच अँगल पुरे होतील, म्हणजे दोहोंत साडेदहा फुटांचे अंतर राहील. भिंतीपासून एक वीतभर पुढे दोन फूट खोल खड्डा घेऊन अँगल काँक्रीटमध्ये उभे करा आणि जमिनीवर साडेसहा फूट ठेवा, म्हणजे वेल भिंतीच्या वर दीड फूट डोकावेल. त्यांना आडव्या चार तारा ओढा. पहिली तार जमिनीपासून दीड फुटांवर असावी. १२ गेज जाडीची जीआय, म्हणजे जस्त चढवलेली लोखंडी तार घ्या. यापेक्षा बारीक तार वेलाच्या खोडात रुतते. सगळ्या तारांची ओढ शेवटी दोन टोकांच्या अँगलवर येते, त्यामुळे त्या दोघांना आतल्या बाजूने तिरके टेकू दिल्याशिवाय तार ताणू नका. नव्या माणसाचे काम इथेच फसते. मधले अँगल सरळ राहतात, टोकाचे वाकतात आणि तारा झोळीसारख्या लोंबतात. प्रत्येक तारेच्या एका टोकाला टर्नबकल (तार ताणायचा फिरवता येणारा स्क्रू) बसवलात, तर दर वर्षी ताण नीट करता येतो.

भिंत आणि तारा यांच्यात वीतभर जागा ठेवण्याचा आणखी एक फायदा असा, की हवा खेळती राहते, पानांवर बुरशी कमी येते आणि भिंतीला पुन्हा रंग द्यायचा झाला तर कुंचला आत जातो.

उंबरठा (सातारा), ७ मे, दुपारी ३.३०

सगळ्यांचे मनापासून आभार. तडकलेली पट्टी बदलून झाली. रानजाईबाईंनी सांगितल्याप्रमाणे काल खडूने खुणा केल्या. पश्चिमेच्या भिंतीवर सकाळी सातपासून साडेबारापर्यंत सरळ ऊन आहे, फक्त तिच्या उत्तर टोकाला शेजारच्या आंब्याची सावली दहापर्यंत राहते. दक्षिणेच्या भिंतीवर आत्ता दुपारी ऊन आहे, पण हिवाळ्यात तिथल्या फरशीवर शेवाळ धरते, हे खुणा करताना आठवले. बाईंचे म्हणणे अगदी तंतोतंत पटले.

तासगावहून अँगल आणि तारा आणायचे माझ्या भावाने कबूल केले आहे. आता वेल कोणते घ्यावेत? सासूबाईंना जुई हवी आहे आणि मुलीला बोगनवेल. नातू चार वर्षांचा आहे, हेही लक्षात घ्यावे.

रानजाई (सातारा), ८ मे, रात्री ९.४०

पाच-साडेपाच तासांचे सकाळचे ऊन म्हणजे फुलवेलींसाठी उत्तम जागा आहे. जुई अवश्य लावा, आणि एकीऐवजी दोन लावा. जुईचे फूल बारीक असते आणि तिचा वास संध्याकाळी अंगणभर पसरतो, पण एकटी वेल दहा फुटांच्या पुढे दाट भरत नाही. त्या दोघींच्या मध्ये एक मधुमालती असावी. तिचे फूल संध्याकाळी पांढरे उमलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते आणि मग लाल पडते. त्यामुळे एकाच घोसात तिन्ही रंग दिसतात. रोज तिथे पाहत बसणाऱ्या माणसाला यासारखी दुसरी वेल नाही. तिचे खोड मात्र पुढे जाड आणि लाकडी होते, म्हणून ती एकच लावा आणि अँगलच्या जवळ लावा.

उत्तर टोकाला ऊन उशिरा येते, तिथे कृष्णकमळ चालेल. त्याच्या पानांवर काटेरी दिसणाऱ्या अळ्या आल्या आणि पाने कुरतडलेली दिसली, तर औषध फवारू नका. त्या एका नारिंगी फुलपाखराच्या अळ्या असतात. पाने पुन्हा फुटतात आणि फुलपाखरे अंगणातच वावरतात.

या सगळ्या वेली भिंत भरायला दोन पावसाळे घेतील. तोवर रिकामे दिसू नये म्हणून मधल्या जागांत गोकर्ण आणि गणेशवेल पेरा. गोकर्णाचे बी टणक असते, ते रात्रभर पाण्यात भिजवून पेरले की लवकर उगवते आणि दीड-दोन महिन्यांत निळी फुले येऊ लागतात. शिवाय गोकर्ण शेंगवर्गीय असल्यामुळे मुरमाड जमिनीला त्याचा उपयोगच होतो. गणेशवेलीची पाने नाजूक झालरीसारखी असतात आणि लाल चांदणीसारखी फुले पावसाळ्यात येतात. तिचे बी आपोआप पडून पुढच्या वर्षी उगवते.

बोगनवेल आतल्या बाजूला नको. तिला दिवसभराचे ऊन हवे असते, आणि चार वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर तिचे काटे नकोत. मुलीची इच्छा मोडवत नसेल, तर फाटकाजवळ उन्हात एखादी मोठी कुंडी ठेवून तीत लावा आणि वेलासारखी न वाढवता छाटून झुडपासारखी ठेवा. कण्हेर आणि कळलावी ही दोन्ही दिसायला सुंदर आहेत, पण विषारी आहेत. कण्हेरीचा तर प्रत्येक भाग विषारी असतो. लहान मूल असलेल्या घरात कुंपणाला ती लावू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. शेराचा चीकही डोळ्यांना अपाय करतो.

दक्षिणेच्या भिंतीला तारांची गरज नाही. तिथे अळू, अबोली आणि नेचे चांगले वाढतील. आपल्याला आवड असेल तर एका खांबाला काथ्या गुंडाळून त्यावर नागवेल चढवा. मिरज तालुक्याच्या पूर्व भागातले पानमळे ज्यांनी पाहिले असतील, त्यांना ठाऊक आहे की पानवेलीला झिरपती सावली आणि कायम ओल हवी असते, आणि ती आपल्या पेरांवरच्या मुळ्यांनी आधाराला धरते. गुळगुळीत सिमेंटवर ती नीट धरत नाही.

जाता जाता एक कळकळीची विनंती. पावसाळ्यानंतर कासकडे फिरायला जाणारे काही जण तिथली रोपे मुळासकट उपटून कुंपणाला लावायला आणतात. २०१२ साली पश्चिम घाटाची जी ३९ ठिकाणे जागतिक वारशात गेली, त्यांत कासचे पठार आहे. तिथली झाडे सड्यावरच्या, म्हणजे कातळी पठारावरच्या वीतभर मातीत, त्या धुक्यात आणि त्या पावसात वाढलेली असतात. गोडोलीच्या अंगणात ती आठवडाभरही जगत नाहीत. तेरडाच हवा असेल, तर रोपवाटिकेत त्याच कुळातला गुलमेंदीचा तेरडा मिळतो.

माणदेशी (दहिवडी), ९ मे, सकाळी ६.५०

दिवसाआड पाणी म्हणजे आमच्या मानाने सुकाळच आहे. तरी एक जुनी युक्ती सांगतो. दर दोन वेलींच्या मधोमध, दोघींपासून एकेक हातावर, एक साधे मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरा आणि त्यात पाणी भरून वर झाकण ठेवा. मडके आतले पाणी बाहेर झिरपू देते आणि मुळे त्या ओलीकडे वळतात. झिलई केलेले किंवा रंगवलेले मडके चालत नाही, कारण त्याची छिद्रे बुजलेली असतात. आमच्याकडे मे महिन्यात तीन-चार दिवसांतून एकदा मडके भरले, तरी जास्वंद टवटवीत राहते.

आळ्यात उसाचे पाचट पसरा. साताऱ्यात आणि सांगलीत ते मागितले तर फुकट मिळते.

सुगडं (मिरज), ९ मे, दुपारी २.१०

वेलींबद्दल इतके चांगले मार्गदर्शन झाले आहे, की मी फक्त रंग आणि सजावट यांबद्दल लिहिते.

उंबरठाताई, ऑइल पेंटच्या वाटेला जाऊ नका. सिमेंटच्या पट्टीत ओल शिरत असते, आणि वर ऑइल पेंटचा थर असला तर ती ओल बाहेर पडू न शकल्यामुळे पापुद्रे निघतात. माझ्या मते चुन्याचा हात द्यावा. पांढरी भिंत कमी तापते, म्हणून वेलींच्या पानांना झळ कमी लागते, आणि हिरव्या पानांमागे चुन्याचा जो मऊ पांढरा रंग दिसतो, त्याला तोड नाही. कळीचा चुना लोखंडी पिंपात पाण्यात घाला. तो पाण्यात पडताच उकळू लागतो आणि फार तापतो, म्हणून लहान मुलांना दूर ठेवा आणि स्वतः डोळे सांभाळा. दोन दिवस मुरू द्या, मग फडक्यातून गाळा आणि त्यात डिंकाचे पाणी व चिमूटभर नीळ घाला. पातळ ताकासारखा झाला पाहिजे. भिंत आधी पाण्याने भिजवा आणि ऊन उतरल्यावर संध्याकाळी हात मारा. एका जाड हातापेक्षा तीन पातळ हात चांगले बसतात. उन्हात दिलेला चुना लगेच वाळतो आणि बोटाला लागत राहतो. हे काम तारा ओढण्याआधी आणि पावसाच्या बरेच आधी उरकून घ्या.

खालच्या एक फुटाला चुन्यातच गेरू कालवून तांबडा पट्टा द्या. आपल्याकडच्या जुन्या घरांना आणि देवळांना असा पट्टा असतो. पावसाचे थेंब जमिनीवर आपटून चिखलाचे शिंतोडे नेमके तेवढ्याच उंचीवर उडतात, आणि गेरूच्या पट्ट्यावर ते दिसत नाहीत.

आता शोभेच्या वस्तू. माझ्या या नावाचे कारणही तेच आहे. संक्रांतीची सुगडी पूजा झाल्यावर आपण कोपऱ्यात ठेवतो आणि मग ती फुटून जातात. मी गेली काही वर्षे ओळखीच्या घरांतली सुगडी गोळा करते. सुगडे रात्रभर पाण्यात ठेवा, मग बुडाला मध्यभागी दगडी कामाचे बारीक ड्रिल हातोड्याचा झटका बंद करून सावकाश फिरवा. कोरड्या सुगड्याला भोक पाडायला गेलात तर ते हमखास तडकते. गळ्याला बारीक तार बांधून ते आडव्या तारेला अडकवा, भिंतीला नको. एवढ्याशा भांड्यातली माती उन्हाळ्यात एका दिवसात वाळते, म्हणून त्यात ऑफिस टाइमसारखी कमी पाण्याची, जाड पानांची रोपेच लावावीत. दिवाळीत त्यांतल्या काहींत पणत्या ठेवता येतात. फक्त त्या वेळी वरच्या पानांपासून हातभर अंतर असू द्या.

बेंदराचे मातीचे बैलही छान दिसतात, पण ते कच्च्या मातीचे असतील तर पहिल्याच पावसात विरघळतात. ते ओसरीच्या कट्ट्यावर ठेवा. पक्ष्यांसाठी पाण्याचे एक परळ मात्र ठेवाच, आणि त्यात दोन-तीन दगड घाला, म्हणजे लहान पक्ष्यांना उभे राहता येते.

सगळ्या खणांत काही ना काही टांगण्याचा मोह आवरा. सहा खणांपैकी दोन खणांत सुगडी असतील आणि बाकीचे खण वेलींचे असतील, तर डोळा ठरतो.

टपालपेटी (सातारा), ९ मे, रात्री ८.००

चटयांबद्दलचा माझा सल्ला मी मागे घेतो. आमच्या घरी गेल्या संक्रांतीची सुगडी आहेत, दहा-बारा तरी असतील. उंबरठाताईंना हवी असल्यास आनंदाने देईन.

कृष्णाकाठ (सांगली), १० मे, सकाळी ७.१५

हा धागा नदीकाठची मंडळीही वाचत असतील, म्हणून त्यांच्यासाठी थोडे लिहितो. २०१९च्या ऑगस्टात कृष्णेचा पूर आमच्या अंगणात कमरेइतका चढला आणि चार-पाच दिवस उतरला नाही. शेजाऱ्यांची पट्ट्यांची भिंत पाण्याच्या लोंढ्याने आडवी झाली, कारण पाण्याला वाट नव्हती. आमचे कुंपण तारेच्या जाळीचे होते. ते वाकले आणि गाळाने, काडीकचऱ्याने भरले, पण उभे राहिले. वेलींपैकी जुई आणि मोगरा मुळे कुजून गेले. मधुमालती पूर्ण काळी पडली होती. ती जमिनीपासून हातभर ठेवून छाटली आणि दसऱ्याच्या सुमारास जुन्या खोडातून लाल कोंब फुटले. २०२१च्या पुरातही तीच टिकली. पूररेषेच्या आत घर असेल, तर भरीव भिंत न घालता जाळीचे कुंपण घ्या आणि त्यावर मधुमालती सोडा, हा माझ्या अनुभवाचा सल्ला आहे. गोडोलीत हा प्रश्न नाही, त्यामुळे ताईंनी भिंतीची चिंता करू नये.

उंबरठा (सातारा), २ जुलै, सायंकाळी ५.४५

काम कुठवर आले, ते कळवते. मे महिन्यातच चुना देऊन झाला. पहिला हात मी दुपारी चार वाजता घाईने दिला, तो भुरभुरला आणि खरवडून काढावा लागला. पुढचे तिन्ही हात सूर्य मावळल्यावर दिले आणि ते पक्के बसले. गेरूचा पट्टा नातवाने आणि मी मिळून दिला. अँगल रोवले, टेकू दिले, तारा ताणल्या. मृगाचा पाऊस झाल्यावर वेली लावल्या.

एक अडचण आहे. दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डे घेऊन मुरूम काढला आणि पोयटा व शेणखत भरले. दोन जुईंपैकी दक्षिणेकडची एक जुई एकाएकी मलूल झाली. हलवून पाहिली तर ती हातातच आली, मुळे जवळजवळ नाहीत. मातीत पांढऱ्या, जाड, अर्धगोल वळलेल्या अळ्या निघाल्या.

कृष्णाकाठ (सांगली), २ जुलै, रात्री ९.१०

ही हुमणी आहे, ताई. उसाच्या पट्ट्यात तिच्याशी आमचे जन्माचे वैर आहे. तुमचे शेणखत पुरते कुजलेले नव्हते, त्यातून ती आली असणार. पहिल्या वळवाच्या पावसानंतर हिचे तपकिरी भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून निघतात, कडुनिंबावर आणि बाभळीवर जमतात आणि मग मातीत अंडी घालतात. आत्ता त्या आळ्यातली माती सगळी काढून उन्हात पसरा. अळ्या वेचा किंवा पक्ष्यांना वेचू द्या. बाकीच्या खड्ड्यांतही बोटभर माती उकरून पाहा. नवीन माती भरताना निंबोळी पेंड मिसळा. पूर्ण कुजलेले शेणखत हातात घेतले तर त्याला शेणाचा वास येत नाही, ते काळ्या मातीसारखे भुसभुशीत लागते. पुढच्या वेळी घेतानाच ही परीक्षा करा.

रानजाई (सातारा), ३ जुलै, सकाळी ८.००

नवी जुई लगेच लावलीत तरी चालेल, पाऊस आहे तोवर ती रुजेल. तिचा आणि आधीच्या जुईचाही शेंडा तारेच्या पहिल्या ओळीला पोचताच खुडा, म्हणजे दोन्ही बाजूंना फांद्या फुटतील आणि भिंत खालपासून भरेल. शेंडा तसाच वर जाऊ दिला, तर वर छप्पर होते आणि खाली नुसत्या काड्या दिसतात. फांद्या बांधताना केळीच्या सोपटाची दोरी किंवा सुतळी घ्या आणि तारेभोवती एक व फांदीभोवती एक असे दोन सैल वेढे द्या. नायलॉनची दोरी वापरू नका. खोड जाड होते आणि ती त्यात रुतून बसते.

उंबरठा (सातारा), १९ जानेवारी, सकाळी ९.३०

बरेच दिवसांनी लिहिते आहे. पावसाळ्यात गोकर्णाने आणि गणेशवेलीने पश्चिमेचे चार खण भरून टाकले आणि ऑगस्टात रोज सकाळी देवाला घरचीच निळी फुले मिळू लागली. नवी जुई लागली. कृष्णकमळाची पाने दोनदा अळ्यांनी फस्त केली, मी काही फवारले नाही, आणि ती तिसऱ्यांदा फुटली. मधुमालती तिसऱ्या तारेपर्यंत पोचली आहे, पहिला घोस दसऱ्याला आला. सासूबाईंनी त्यातले एक फूल खुणेला दोरा बांधून ठेवले होते आणि सलग तीन दिवस त्याचा रंग पाहिला.

दक्षिणेकडे अळू आणि अबोली चांगली आहेत. नागवेल मात्र अजून वीतभरच वाढली आहे. टपालपेटींनी दिलेल्या सुगड्यांतली सात भोक पाडताना टिकली आणि ती दोन खणांत टांगली आहेत. यंदाची सुगडी परवाच्या संक्रांतीनंतर धुऊन ठेवली आहेत.

जुईची छाटणी जानेवारीत करावी, असे वाचले होते, म्हणून काल माळ्याला बोलावले. त्याने कात्री लावण्याआधी सासूबाईंनी ओसरीवरून हाक मारून त्याला थांबवले. जुईच्या वरच्या फांदीला, दुसऱ्या आणि तिसऱ्या अँगलच्या मध्ये, कोळ्याच्या जाळ्यांनी आणि सालीच्या तुकड्यांनी विणलेले पेरूएवढे घरटे लोंबते आहे. त्याच्या बाजूला भोक आहे आणि त्यावर छोटीशी पडवी आहे. एक लहान, पिवळ्या पोटाची, बाकदार चोचीची पक्षीण त्यात येते-जाते. सासूबाईंच्या म्हणण्याप्रमाणे ती गेला आठवडाभर तिथे आहे. मला मात्र ती कालपर्यंत दिसली नव्हती. आता छाटणीचे काय करावे?

रानजाई (सातारा), १९ जानेवारी, सकाळी ११.०५

तो शिंजीर आहे, त्याला सूर्यपक्षी असेही म्हणतात. घरटे मादी विणते. अंडी उबायला दोन आठवडे आणि पिल्ले उडायला साधारण तितकेच दिवस लागतात, तेव्हा त्या जुईला महिनाभर हात लावू नका. दुसरी जुई आज छाटली तरी हरकत नाही. या जुईची छाटणी फेब्रुवारीअखेर केली तर फुले थोडी उशिरा येतील, इतकेच. त्या भागातल्या तारेचा ताणही सध्या वाढवू नका, आणि सुगडी टांगायची असतील तर दूरच्या खणात टांगा.

उंबरठा (सातारा), १९ जानेवारी, दुपारी १२.४०

आभारी आहे, बाई. माळ्याला फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात यायला सांगितले आहे. सासूबाईंनी खुर्ची ओसरीच्या दुसऱ्या टोकाला मांडून घेतली आहे, कारण तिथून घरट्याचे तोंड दिसते.